भाव ठरताना मालक समोर हवा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

मी कर्वेनगर भागातल्या एका जुन्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आमच्या बिल्डिंगा नव्वदच्या दशकातल्या, लिफ्ट नाही, मूळ मालक आता सत्तरी-पंचाहत्तरीचे झालेत, कोणी मुलाकडे बंगळूरला निघालंय, कोणाची दोन्ही मुलं अमेरिकेत आहेत, कोणाला तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढवत नाही, त्यामुळे आमच्याकडे फ्लॅट सारखे विक्रीला निघतात. विकणाराही माझ्याकडे येतो आणि घेणाराही येतो, कोणाला थकबाकी नसल्याचा दाखला हवा असतो, कोणाला शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायचं असतं, बँकेला पत्र हवं असतं. एकाच व्यवहाराची गोष्ट मी दोन्ही तोंडांनी ऐकतो आणि खरं सांगतो, या दोन गोष्टी फार कमी वेळा जुळतात. म्हणून हे पत्र लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे. घर एजंटकडून घ्या नाहीतर थेट मालकाकडून घ्या, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण भावाची बोलणी मालक आणि घेणारा यांनी समोरासमोर बसूनच करावी, एजंट असला तरी. आकडा तिसऱ्याच्या तोंडून इकडून तिकडे जाऊ देऊ नये. लग्न जमवताना मध्यस्थ स्थळ आणतो, पत्रिका आणतो, पण याद्या करायला दोन्ही घरची माणसंच समोरासमोर बसतात ना, तसं. आणि इथे तर आयुष्यभराची कमाई आणि वर वीस वर्षांचं कर्ज पणाला लागलेलं असतं.

आमच्या बी बिल्डिंगमधल्या एका काकूंचं सांगतो. दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, काका गेल्यावर एकट्याच राहायच्या. मुलाच्या जवळ बावधनला त्यांनी छोटा फ्लॅट बुक केला होता पण त्याचा ताबा दिवाळीनंतर मिळणार होता. इकडचा फ्लॅट विकायला एक एजंट लावला. त्याने काकूंना सांगितलं पार्टी 76 लाखांच्या पुढे जायला तयार नाही आणि त्यांना ताबा लगेच पाहिजे, तुम्ही तोपर्यंत भाड्याने कुठेतरी राहा. आणि घेणाऱ्या जोडप्याला सांगितलं मालकीणबाई 82 च्या खाली एक रुपया उतरत नाहीत, दुसरी पार्टी टोकन घेऊन उभी आहे, आज संध्याकाळपर्यंत सांगा. दोन्हीकडे घाई, दोन्हीकडे धास्ती. ते जोडपं सोसायटीचे नियम विचारायला म्हणून माझ्याकडे आलं आणि योगायोगाने काकू पण मेंटेनन्सचा चेक द्यायला तेव्हाच ऑफिसात आल्या. मी ओळख करून दिली, चहा सांगितला. बोलता बोलता निघालं की ते दोघं ज्या भाड्याच्या घरात राहतात त्याचा करार अजून पाच महिने आहे आणि लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी घर न सोडण्याची अट, असल्यामुळे मधेच सोडलं तर भुर्दंड पडणार. म्हणजे त्यांना लगेच ताबा नकोच होता! उलट लगेच घेतला असता तर भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम सुरू झाले असते. आणि काकूंना पाच महिने इथेच राहायला मिळालं तर त्यांचं दोनदा सामान हलवणं वाचत होतं, मधलं भाडं वाचत होतं, त्यासाठी त्या भावात उतरायला आनंदाने तयार होत्या, त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं.

शेवटी 78 ला ठरलं. साठेखत, म्हणजे विक्री ठरल्याचा करार, लगेच करायचं आणि त्यावेळी वीस टक्के द्यायचे, बँकेचा चेक आणि खरेदीखत ताब्याच्या दिवशी, तोपर्यंत काकू तिथेच राहणार, बेडरूममधलं सागवानी कपाट आणि स्वयंपाकघरातलं वॉटर प्युरिफायर तसंच ठेवून जाणार. एजंटला त्याचं ठरलेलं कमिशन दोघांनी दिलं, त्यात काही खळखळ केली नाही. तो 79 वर आणून दोघांनाही 'मी ओढून आणलं' म्हणणार होता असं नंतर त्यानेच मला सांगितलं, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर त्यात त्याला काही गैर वाटत नव्हतं.

यात मुद्दा फक्त एक-दोन लाखांचा नाहीये. घराच्या सौद्यात आकड्याशिवाय कितीतरी गोष्टी असतात, ताबा कधी, पैसे किती टप्प्यांत, विसार किती, पार्किंग कुठलं, फर्निचर राहणार की जाणार, ट्रान्सफर फी कोण भरणार, जुनं कर्ज असेल तर बँकेकडून मूळ कागद कधी सुटणार. एकाला जी गोष्ट फुकट देता येते ती दुसऱ्याला लाखमोलाची असू शकते. पण हे कळायला दोघांनी एकमेकांशी बोलावं लागतं. एजंटच्या फोनवरून फक्त आकडा जातो, बाकी सगळं गळून पडतं.

आता एजंट असं का करतो, तो वाईट असतो म्हणून? मला तसं वाटत नाही. हिशोब बघा. पुण्यात रिसेलला एजंट साधारण एक ते दोन टक्के घेतात, ते सुद्धा बऱ्याचदा दोन्हीकडून. एक टक्का धरला तरी 80 लाखांच्या फ्लॅटला एका बाजूचे 80 हजार, दोन्हीचे मिळून 1 लाख 60 हजार. भाव दोन लाखांनी उतरला तर त्याचे दोन्हीकडचे मिळून फक्त चार हजार कमी होतात. पण सौदा मोडला तर सगळेच जातात. म्हणजे तुमच्यासाठी जे दोन लाख आहेत ते त्याच्यासाठी चार हजार आहेत. तो तुमच्या दोन लाखांसाठी आठवडाभर भांडेल कशाला? त्याला सौदा या आठवड्यात व्हायला हवा, मग जो मऊ असेल त्याला दाबायचं, कधी तो मऊ माणूस एकटी बाई असते, कधी पहिल्यांदा घर घेणारं तरुण जोडपं असतं. दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस भावाच्या बाबतीत कोणाचाच नसतो, हे आधी मनाशी पक्कं करून मगच त्याच्याशी बोलावं.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे नेट भाव. 'तुम्हाला 75 नेट हातात देतो, वरचं माझं मी बघतो.' विकणाऱ्याला वाटतं बरंय, कमिशन वाचलं. आणि घेणाऱ्याला तोच फ्लॅट 81 ला सांगतात, मधले सहा कोणाचे ते दोघांनाही कळत नाही, आणि मग ते बसवायला रोखीचा विषय निघतो. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे, त्याच्या कलम 216 मध्ये स्पष्ट आहे की एजंटने ज्याच्यासाठी काम करतोय त्याला न सांगता व्यवहारात स्वतःचा फायदा काढला तर तो फायदा त्याच्याकडून मागता येतो. पण मागणार कसा, कळलं तर मागणार ना! म्हणूनच मी म्हणतो की दोघांनी एकमेकांना तोंडाने आकडा सांगायचा. नेट भावाचा खेळ त्या एका बैठकीत संपतो.

एजंट लोकांची बाजू पण लिहिली पाहिजे. ते मालकाला आणि घेणाऱ्याला भेटू देत नाहीत याचं मोठं कारण भीती आहे, आणि ती खोटी नाही. उन्हातान्हात स्कूटरवर फिरून घरं दाखवणारी मुलं मी रोज बघतो, पेट्रोल त्यांचं, वेळ त्यांचा, दहा ठिकाणी दाखवावं तेव्हा कुठे एक जमतं. आणि मग मालक आणि पार्टी परस्पर भेटून मागच्या दाराने व्यवहार करतात आणि त्या मुलाला कळवतही नाहीत. हे लबाडीच आहे, सुशिक्षित लोक करतात आणि त्यात हुशारी समजतात. ज्याने घर दाखवलं त्याची मजुरी बुडवू नये. यावर उपाय लपवाछपवी नाही, उपाय कागद आहे. घर बघायच्या आधीच एका कागदावर लिहायचं की या माणसाने हे घर दाखवलं, व्यवहार झाला तर त्याला अमुक रक्कम मिळेल, कोणाकडून मिळेल, कधी मिळेल. माझं मत विचाराल तर टक्क्यांऐवजी ठोक रक्कम ठरवावी, म्हणजे भाव वर गेला काय खाली आला काय त्याचं काही बिघडत नाही, तो मोकळ्या मनाने दोघांना भेटवेल. काही एजंट जीएसटी लावतात, 18 टक्के, तो त्या रकमेत धरलाय की वेगळा हे पण लिहून घ्यावं, नाहीतर शेवटच्या दिवशी वाद होतात.

थेट व्यवहार म्हणजे सगळं गोड असंही नाही. आपल्याकडे भीड फार. चहा-पोहे झाले, गावं विचारून झाली, कोणीतरी लांबचं ओळखीचं निघालं की मग आकडा काढायला कोणाची जीभ वळत नाही. विकणाऱ्याचा त्या घरात जीव असतो, इथे मुलगी मोठी झाली, इथे बापाने शेवटचे दिवस काढले, आणि समोरचा म्हणतो बाथरूमला गळती आहे, भिंतीला ओल आहे, दोन लाख कमी करा. ते मनाला लागतं. तेव्हा मधे तिसरा माणूस असलेला बराच, पण तो निरोप्या नको, त्याच खोलीत बसलेला हवा. तो एजंट असू शकतो, दोघांचा ओळखीचा वकील असू शकतो, सोसायटीचा सेक्रेटरी असू शकतो. आम्ही आता आमच्याकडे असं ठेवलंय की ज्यांना बोलायचंय त्यांना सोसायटीचं ऑफिस संध्याकाळी उघडून देतो, दोन्ही बाजू बसतात, एजंट असेल तर तोही बसतो, भावात आम्ही तोंड घालत नाही. घरातले दोष मात्र घर बघतानाच बघून लिहून काढावेत आणि बोलताना दुरुस्तीच्या खर्चाचा आकडा मांडावा, घराला नावं ठेवू नयेत. त्याने खूप फरक पडतो.

बोलायला बसायच्या आधी तयारी पाहिजे. 'सध्या इथला रेट अमुक चाललाय' हे एजंटचं वाक्य खरं की खोटं हे आता घरबसल्या बघता येतं, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, मोफत दिसतो, त्यात मोबदला किती आणि सरकारी बाजारभाव किती दोन्ही लिहिलेलं असतं. आपल्याच बिल्डिंगमधला नाहीतर शेजारच्या सोसायटीतला गेल्या वर्षीचा व्यवहार काढायचा, वेळ लागतो, साइट कधी कधी अडते, पण काढायचाच. तो कागद समोर ठेवला की दोन्हीकडची अर्धी हवा निघते, मालकाची पण, कारण 'कोपऱ्यावरचा फ्लॅट नव्वदला गेला' ही ऐकीव बातमी असते. आणि क्षेत्रफळ टेपने मोजा. जुन्या करारात बिल्टअप असतं, म्हणजे भिंती धरून, जाहिरातीत सेलेबल असतं, म्हणजे जिना-लॉबीचा वाटाही धरून, राहायला कार्पेट मिळतं, म्हणजे भिंतींच्या आतलं.

आता टोकन, म्हणजे विसार. यावर मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचंय कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. मालकाला भेटायच्या आधी एजंटच्या हातात टोकन देणारे लोक आहेत, रोख देतात, 'ब्लॉक करून ठेवतो' म्हणून. पावती नाही, आणि असली तरी त्यावर नुसतं 'फ्लॅटपोटी मिळाले' एवढंच. पुढे बँकेने कर्ज नाकारलं किंवा कागदात वारसाचा घोळ निघाला की मालक म्हणतो मला काही मिळालंच नाही, एजंट म्हणतो मी मालकाला दिले. तेव्हा विसार द्यायचा तो फक्त मालकाच्या खात्यावर, चेकने नाहीतर ऑनलाइन. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं प्राप्तिकर कायद्याने बंद केलंय आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच बसू शकतो, तोही रोख घेणाऱ्या हाताला, म्हणजे विकणाऱ्याला. हे विकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कोणी सांगत नाही, त्यांना वाटतं रोख म्हणजे नडीअडीला बरी.

विसार पावतीवर भाव, ताब्याची तारीख, पैशांचे टप्पे हे तर हवंच पण मुख्य म्हणजे विसार परत कधी मिळणार आणि कधी बुडणार हे लिहिलेलं हवं. कागदपत्रांत दोष निघाला तर परत. कर्ज नामंजूर झालं तर परत, किती दिवसांत ते लिहा. घेणाऱ्याने उगाच मन बदललं तर किती कापणार, आणि मालकाने जास्त भाव मिळाला म्हणून दुसऱ्याला दिलं तर मालक किती देणार, दोन्ही बाजू लिहा. चार ओळींचं काम आहे. समोरासमोर बसलेल्या माणसांना या ओळी लिहायला अर्धा तास लागतो, फोनवरून निरोप पाठवून त्या कधीच लिहिल्या जात नाहीत.

भावाच्या वर काय लागतं ते पण बैठकीतच मांडलेलं बरं. पुणे महापालिका हद्दीत मेट्रोचा आणि स्थानिक संस्थेचा एक-एक टक्का धरून मुद्रांक शुल्क सात टक्के होतं, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, नोंदणी फी जास्तीत जास्त 30 हजार. बँक यातलं काही कर्जात धरत नाही, म्हणजे 80 लाखांच्या घराला सहा लाखांच्या आसपास नुसते यासाठी वेगळे हाताशी हवेत. तरुण मंडळी इथे हमखास अडकतात, भाव ओढून ताणून जमवतात आणि मग शेवटच्या महिन्यात सोनं गहाण टाकायला धावतात.

आणि सोसायटीच्या नावावर जे खपवलं जातं त्याबद्दल मला बोलायलाच हवं. 'सोसायटीवाले लाखभर घेतात, ते वेगळे द्या' असं सांगून एजंटने पैसे उकळल्याचं मी स्वतः ऐकलंय. ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25 हजार आहे, देणगी म्हणून वर काही मागता येत नाही, आणि आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, सक्तीची नाही, बँक मागते म्हणून आपण देतो. जी सोसायटी जास्त मागते तिचं चुकतं आणि जो सोसायटीच्या नावाने जास्त मागतो त्याचं तर फारच चुकतं. थेट सेक्रेटरीला येऊन विचारा, पावती मागा.

मालक परदेशात असेल तर थोडं सावध. 50 लाख किंवा वरच्या व्यवहारात घेणाऱ्याने मालकाला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस, म्हणजे मालकाच्या नावाचा प्राप्तिकर, कापून भरायचा हे 2013 पासून आहे आणि आता बहुतेकांना माहीत झालंय. पण मालक अनिवासी असेल तर हा एक टक्क्याचा नियम लागू नाही, तिथे कापायची रक्कम खूप मोठी असते आणि कमी कापायचं असेल तर प्राप्तिकर खात्याचं प्रमाणपत्र मालकाने आधी आणावं लागतं. एजंट म्हणतो एक टक्का कापा, झालं, आणि नोटीस पुढे घेणाऱ्याला येते. अशा वेळी इथला भाऊ किंवा मुखत्यार कितीही चांगला असला तरी न्यू जर्सीतल्या मालकाशी व्हिडिओ कॉलवर स्वतः बोला, भाव त्यांच्याच तोंडून ऐका, पैसे कुठल्या खात्यात हवेत तेही त्यांनाच विचारा. आणि त्यानंतरच सीएकडे जा.

आता सरकारकडे मागणी. 2016 च्या रेरा कायद्यात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्यात, एजंटांची नोंदणी सक्तीची आहे, त्याखालच्या राज्याच्या महारेरा प्राधिकरणाने 2023 मध्ये तर त्यांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली, चांगलं केलं. पण हे सगळं रेरात नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्यांसाठी. आमच्यासारख्या तीस वर्षं जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट विकून देणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही, आज बोर्ड लावला की तो उद्या एजंट. आणि घेणाऱ्याचे पैसे तर तेवढेच जातात. जुन्या घरांच्या एजंटांनाही नोंदणी लावा, आणि त्यांच्यावर दोनच बंधनं घाला, आपण कोणाकडून किती घेणार हे दोन्ही बाजूंना लेखी द्यायचं, आणि विसाराच्या आधी दोन्ही बाजूंची भेट घडवायची. चांगले एजंट याला नाही म्हणणार नाहीत, मी काहींना विचारलंय, त्यांना उलट हवंच आहे कारण बोर्डवाल्या चोरांमुळे त्यांचंही नाव जातं.

आणि एक विनंती तुमच्या पेपरला. छोट्या जाहिरातींत फ्लॅट विक्रीची जाहिरात घेताना ती मालकाने दिली की एजंटने, आणि क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप, एवढं सक्तीने छापायला सुरुवात करा. मालकाच्या नावाने दिलेल्या जाहिरातीवर फोन केला तर तिकडून एजंट बोलतो, हे वाचकांच्या सोबत तुमच्या पेपरात होतंय आणि ते थांबवणं तुमच्या हातात आहे.

आपला,
एका सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी, कर्वेनगर, पुणे